हाताच्या इसबावरच्या संशोधनात नेमके काय मोजायचे, हे कसे ठरवावे

एका गवंड्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, दोन्हींच्या टोकांना खोल भेगा पडल्या आहेत आणि थोडे खवले सुटले आहेत. बाकी दोन्ही हात स्वच्छ. हेक्सी ही हाताच्या इसबाची तीव्रता मोजणारी, संशोधनात सर्रास वापरली जाणारी मोजपट्टी. तिच्यावर या हातांचे किती गुण होतील? बोटांच्या टोकांचा विभाग घ्यायचा. भेगांचे ३, खवल्यांचा १, बेरीज ४. दहा टोकांपैकी दोन बाधित, म्हणजे २० टक्के, म्हणून व्याप्तीचा गुणक १. चार गुणिले एक, चार. मोजपट्टी ० ते ३६० अशी आहे. कागदावर हा इसब जवळजवळ नाहीच, आणि त्या माणसाला थापी धरता येत नाही.

मोजपट्टी चुकलेली नाही. डॉक्टरच्या डोळ्यांना हातांवर किती इसब दिसतो, एवढाच तिचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ती नीट देते. चूक होते ती आधीच्या पायरीवर: काय मोजायचे हे न ठरवता मोजपट्टी उचलली जाते. उपचारामुळे रुग्णात कोणता बदल झाला हे ज्या गोष्टीवरून ठरवतो, त्याला आउटकम म्हणतात. खाज, भेगा, रात्रीची झोप, बुडालेली मजुरी, इसब पुन्हा उलटणे, हे सगळे वेगवेगळे आउटकम आहेत. एकाच आजाराच्या प्रत्येक ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या उपचाराच्या चाचणीत, निदान एवढे तरी मोजलेच पाहिजे अशी जी छोटी यादी सर्वांच्या संमतीने ठरवतात, ती कोअर आउटकम सेट.

अशी यादी नसली की काय होते, हे हाताच्या इसबात स्पष्ट दिसते. जगभरच्या ट्रायल्स एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा या आजारावरच्या उपचारांचा आढावा २०१९ मध्ये आला. त्यात ६० ट्रायल्स आणि ५,४६९ सहभागी होते. उपचारही वेगळे आणि मोजण्याच्या रीतीही वेगळ्या, त्यामुळे बहुतेक आकडे एकत्र करता आले नाहीत. हजारो लोकांनी दिलेला वेळ असा सुटा सुटा पडून राहतो.

आधी कुंपण घाला

हाताचा इसब हा एकच आजार नव्हे. साबण, भांड्यांची पावडर आणि सततचे पाणी यांनी होणारा, सिमेंटमधल्या क्रोमेटची किंवा रबरी हातमोज्यांतल्या रसायनांची अॅलर्जी, लहानपणापासूनच्या अॅटोपिक (दमा, अॅलर्जीची सर्दी, इसब यांकडे झुकणाऱ्या) प्रवृत्तीतून येणारा, तळहात जाड करून चिरणारा, पाण्याच्या बारीक पुटकुळ्यांचा, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. एकाच हातावर दोन-तीन प्रकार एकत्रही सापडतात. म्हणून यादी कोणासाठी आहे, हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात लिहून ठेवा. नमुन्यादाखल: “१८ वर्षांवरील ज्या व्यक्तींचा हाताचा इसब ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकला आहे किंवा वर्षात २ किंवा अधिक वेळा उलटला आहे, त्यांच्यावरील लावायच्या, पोटात घ्यायच्या औषधांच्या आणि प्रकाशोपचाराच्या ट्रायल्स.”

प्रतिबंधाच्या ट्रायल्सचे काय, हेही तिथेच लिहा. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हातमोजे आणि क्रीमचे प्रशिक्षण देऊन इसब टाळता येतो का, असे पाहणाऱ्या ट्रायलमध्ये बहुतेकींना सुरुवातीला इसब नसतोच. तिथे “खुणा किती कमी झाल्या” हा प्रश्नच लागू पडत नाही. “नवा इसब झाला का” असे विचारावे लागते. दोन्ही हेतू एकाच यादीत घुसवले की मतदानाच्या वेळी कोण कशाला मत देतो आहे हे कळेनासे होते.

कुंपण झाले की कोमेटच्या सूचीत शोधा. २०१० मध्ये लिव्हरपूलहून सुरू झालेल्या या उपक्रमाकडे पूर्ण झालेल्या आणि चालू असलेल्या कोअर आउटकम सेटची खुली नोंद असते. हाताच्या इसबासाठी हेकॉस नावाचा आंतरराष्ट्रीय गट आधीपासून काम करतो आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या विभागाने समांतर दुसरी यादी बनवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन याद्या झाल्या तर मूळ रोग कायम राहतो. त्यापेक्षा ठरलेले विषय आपल्या रुग्णांना पुरतात का ते तपासा, मराठी शब्दरचना पक्की करा, आणि कमी पडते तिथे आपल्या ट्रायलपुरते आउटकम जोडा. कोअर यादी म्हणजे किमान मर्यादा, त्याहून जास्त मोजायला कोणाची आडकाठी नसते. पुढच्या पायऱ्या तपासणीसाठीही तशाच लागतात आणि नव्या यादीसाठीही.

कोअर आउटकम सेट कसा बनवावा हे सांगणाऱ्या कोस-स्टॅड या २०१७ च्या मानकांत ११ किमान अटी आहेत: व्याप्तीबद्दल ४, सहभागी कोण याबद्दल ३ आणि सहमतीच्या पद्धतीबद्दल ४. त्या छापून भिंतीवर लावा. सहमतीचा निकष आधीच लिहिलेला असावा, ही त्यांतली अट विशेष जपा.

लांब यादी: कागदांतून आणि माणसांकडून

प्रकाशित ट्रायल्समधून आउटकम उतरवताना तक्त्यात पाच रकाने हवेत: विषय कोणता, कशाने मोजला, कोणता आकडा घेतला (शेवटची पातळी की सुरुवातीपासूनचा फरक), गटाचा निकाल कसा मांडला (सरासरी की टक्के), आणि केव्हा मोजला. सहावा रकाना आम्ही आवर्जून ठेवायला सांगू: कोणी मोजला, डॉक्टरने की रुग्णाने. मजकूर लेखकाच्याच शब्दांत उतरवा. दोघांनी स्वतंत्रपणे काम करावे, आणि पहिल्या दहा लेखांनंतर तक्ते समोरासमोर ठेवून फरक मिटवावेत. तो फरक शंभराव्या लेखानंतर सापडला तर सगळे पुन्हा करावे लागते.

हे का लागते ते एका मोठ्या ट्रायलवरून कळेल. अॅलिट्रेटिनॉइन या हाताच्या इसबावरच्या पोटात घ्यायच्या औषधाच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाक ट्रायलमध्ये १,०३२ रुग्ण होते. ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांचे हात “स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ” झाले, तर औषधाविना गोळी घेणाऱ्यांत १७ टक्क्यांचे. मुख्य आउटकम डॉक्टरचा एकूण अभिप्राय होता. आकडा मोठा आहे, खराही आहे. पण त्याच्या शेजारी दुसऱ्या ट्रायलचा हेक्सीतला सरासरी फरक ठेवला तर दोन्हींची तुलना करता येत नाही, कारण एक टक्क्यांत आहे आणि दुसरा गुणांत.

कागदांतून जे येते ते बहुतांशी डॉक्टरांना सुचलेले असते. उरलेले माणसांकडून मिळवायचे. घरकाम करणाऱ्या बायका, गवंडी, केस कापणारे, परिचारिका, हॉटेलात लसूण-कांदा चिरणारे (त्यांची भेग बहुधा सुरी न धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याला, तर्जनीला आणि मधल्या बोटाला असते), शेतमजूर, अशी निवड मुद्दाम करा. सौम्य आणि तीव्र, नवा आणि दहा वर्षांचा जुना, दोन्ही टोके यायला हवीत. सुरुवातीला १० मुलाखती घ्या. नंतर सलग ३ मुलाखतींत नवे काही निघाले नाही तर थांबा.

“तुम्हाला कोणता परिणाम महत्त्वाचा वाटतो?” असे विचारू नका. या प्रश्नावर माणूस डॉक्टरला आवडेल ते उत्तर देतो. त्याऐवजी विचारा: औषध लागू पडतेय हे तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळते? हातामुळे काय करायचे सोडून दिले? हात बरे झाले तर आधी काय कराल? मग उत्तरे येतात: कणीक मळताना मिठाने चुरचुरत नाही, बटण लावता येते, लेकराच्या अंगावरून हात फिरवताना त्याला टोचत नाही, प्रसाद घ्यायला हात पुढे करता येतो. यातले प्रत्येक वाक्य एखाद्या आउटकमचे बीज आहे. “मलम चिकट आहे, लावून काम होत नाही” हेही लिहून घ्या. ते तक्रारवहीत टाकू नका, उपचाराचा अनुभव हा स्वतंत्र विषय आहे.

आता गोळा झालेल्या शंभर-सव्वाशे गोष्टी ४० ते ५० कलमांवर आणायच्या. वर्गवारीसाठी कोमेटशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेले ३८ गटांचे वर्गीकरण वापरता येते. पाच मोठी क्षेत्रे म्हणजे मृत्यू, शरीरातले बदल, जगण्यावरचा परिणाम, खर्च आणि साधने, दुष्परिणाम. इथे एकच जपायचे: घाईने एकत्र करू नका. खाज, जळजळ आणि दुखणे यांना “लक्षणे” या एका शब्दात कोंबले तर लोक त्या शब्दाला ९ देतात आणि नक्की कशाला दिले हे कायमचे हरवते. उलट “भेगा” हे कलम दोनदा यायला हवे: भेग दिसणे आणि भेग दुखणे. पहिले पाहणाऱ्याचे, दुसरे हात ज्याचा आहे त्याचे.

मराठी शब्द

इथे कितीही वेळ गेला तरी तो वाया जात नाही. क्वालिटी ऑफ लाइफचे “जीवनमान” केले तर वाचणारा पगार आणि राहणीमान समजतो. “इसबाचा रोजच्या जगण्यावर होणारा त्रास” असे लिहा. “रोगनियंत्रण” ऐवजी “महिनोन्‌महिने इसब ताब्यात राहणे”. “एरिथेमा” चे “लालसरपणा” हे शब्दकोशाला धरून आहे, पण सावळ्या हातावर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, राखाडी किंवा नुसती काळपट दिसते, आणि रुग्ण “हात काळे पडले” असे म्हणतो. त्यात इसब उतरल्यावर मागे राहणारा काळा डागही मिसळतो. म्हणून “इसब चालू असताना त्वचेचा रंग बदलणे (लाल, जांभळट किंवा काळपट)” आणि “बरे झाल्यावर राहणारे डाग” अशी दोन कलमे हवीत.

प्रत्येक कलमात एकच गोष्ट, शीर्षक सहा-सात शब्दांचे, खाली एका ओळीचे उदाहरण. मग ८-१० रुग्णांना मोठ्याने वाचायला द्या, किंवा वाचून दाखवा, आणि “यातून तुम्हाला काय समजले?” हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. दोघेजण जिथे अडखळले ते कलम बदला. विदर्भात आणि कोकणात एकच शब्द चालतो का, हेही याच वेळी कळते.

डेल्फाय

डेल्फाय म्हणजे फेऱ्यांचे मतदान. प्रत्येकाने एकट्याने गुण द्यायचे, मग सर्वांचा कल पाहून पुन्हा द्यायचे. मोठ्या आवाजाचा प्रोफेसर आणि पहिल्यांदाच बोलणारी रुग्ण यांचे मत इथे सारखेच मोजले जाते, म्हणून ही पद्धत.

गुण १ ते ९. १ ते ३ म्हणजे महत्त्वाचे नाही, ४ ते ६ महत्त्वाचे पण अत्यावश्यक नाही, ७ ते ९ अत्यावश्यक. “सांगता येत नाही” हा पर्याय ठेवाच, नाहीतर न समजलेल्या कलमाला लोक ५ देऊन पुढे जातात. नऊ आकड्यांची सवय नसलेल्यांसाठी आधी तीन ढीग करायला सांगा: नसले तरी चालेल, असावे, असलेच पाहिजे. मग त्या ढिगातला आकडा विचारा. अर्ज फक्त ऑनलाइन ठेवला तर गवंडी आणि शेतमजूर आपोआप गळतात. फोनवरून किंवा समोर बसून वाचून दाखवायची सोय करा, आणि वाचणारा माणूस त्यांच्यावर उपचार करणारा नसावा.

सहमतीचा रूढ निकष असा: प्रत्येक गटात किमान ७० टक्क्यांनी ७ ते ९ दिले आणि १५ टक्क्यांहून कमी लोकांनी १ ते ३ दिले, तर कलम आत. यातला “प्रत्येक गटात” हा शब्द सोडला की काय होते ते बघा. समजा ६० डॉक्टर आणि १५ रुग्ण आहेत. एका कलमाला ५० डॉक्टरांनी आणि फक्त ३ रुग्णांनी ७ ते ९ गुण दिले. एकत्र हिशेब केला तर ७५ पैकी ५३, म्हणजे ७०.७ टक्के, आणि कलम आत. रुग्णांपैकी मात्र जेमतेम २० टक्क्यांना ते हवे होते. म्हणून गट वेगळे मोजा, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याचे स्वतःचे जुने गुण व प्रत्येक गटाचा आलेख वेगवेगळा दाखवा. रुग्णांनी “हात लोकांपासून लपवावे लागणे” याला काय गुण दिले हे पाहून काही डॉक्टर आपला आकडा बदलतात. सगळी मेहनत त्या एका क्षणासाठी असते.

सर्वांत नेहमीची अडचण: पहिल्या फेरीत ४५ पैकी ३५ कलमे अत्यावश्यक ठरतात. लोक चुकत नाहीत, प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापा: “हे प्रत्येक ट्रायलमध्ये, प्रत्येक वेळी मोजलेच पाहिजे का?” पहिल्या फेरीत काहीही वगळू नका आणि सुचवलेली नवी कलमे दुसरीत घ्या. तिसऱ्या फेरीत, फार उरली असतील तर, प्रत्येकाला आपली पहिली पाच निवडायला सांगा. निकष मात्र मध्येच ७० चा ८० करू नका. तो मोह सगळ्यांना होतो, पण निकाल पाहून बदललेल्या निकषावर कोणी विश्वास ठेवत नाही.

फेरी तीन आठवड्यांची, एका बैठकीला २०-३० मिनिटे. गळती झालीच तर गळालेल्यांचे पहिल्या फेरीतले गुण टिकलेल्यांशी ताडून पाहा. कामामुळे वेळ नसलेलेच गळाले असतील, तर “मजुरी बुडणे” या कलमाचे गुण पुढच्या फेरीत आपोआप घसरतील आणि ती सहमती खोटी असेल.

बैठक

काठावर राहिलेली कलमे बैठकीत सोडवायची. रुग्णांसाठी आदल्या दिवशी वेगळी बैठक घ्या, शब्द समजावून सांगा, प्रश्न विचारू द्या. संचालन बाहेरच्या माणसाकडे असावे. मतदान गुप्त ठेवा. औषध कंपन्यांचे लोक ऐकायला, माहिती द्यायला बसू शकतात, मत देणार नाहीत. चर्चा पाळीपाळीने, आणि सुरुवात रुग्णांपासून. शेवटी चार ते सहा विषय उरले तर यादी वापरात येण्याची शक्यता असते. अॅटोपिक इसबासाठी अशीच यादी बनवणाऱ्या होम या आंतरराष्ट्रीय गटाने चारच ठेवले: डॉक्टरांना दिसणाऱ्या खुणा, रुग्णाने सांगितलेली लक्षणे, जगण्यावरचा परिणाम आणि दीर्घकाळ ताब्यात राहणे.

मोजपट्टी सर्वांत शेवटी

होमचे ते चार विषय २०११ मध्ये अॅमस्टरडॅमला ठरले. जगण्यावरचा परिणाम आणि दीर्घकाळचा ताबा यांच्या मोजपट्ट्या ठरायला २०१९ ची टोकियोची बैठक उजाडली. त्यावरून ही पायरी किती वेळ खाते ते समजा. निवडीसाठी तीन प्रश्न: जे मोजायचे तेच मोजते का, बदल झाला की आकडा हलतो का, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते जमते का. मोजपट्ट्या पारखण्याच्या कॉस्मिन या पद्धतीत पहिल्या प्रश्नाला, म्हणजे आशयाला, सर्वांत आधीचे स्थान आहे. आशयातच नापास झालेल्या मोजपट्टीचे बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत, ती बाजूला ठेवा.

हेक्सी २००५ ची. हाताचे पाच विभाग: बोटांची टोके, बोटे, तळहात, हाताची मागची बाजू, मनगटे. सहा खुणा: लाली, जाडसरपणा किंवा पुरळ, पुटकुळ्या, भेगा, खवले, सूज. प्रत्येकीला ० ते ३. त्या विभागाची बेरीज गुणिले व्याप्ती ० ते ४, आणि पाच विभागांची बेरीज. सुरुवातीच्या गवंड्याचे ४ कसे आले ते यावरून कळेल, आणि दुखणे किंवा पकड यांना या हिशेबात जागा नाही हेही. खुणांसाठी ती घ्या, इतर विषयांचे ओझे तिच्यावर टाकू नका. ट्रायल सुरू होण्याआधी सर्व तपासनिसांना सावळ्या हातांचेही फोटो दाखवून सराव द्या.

जगण्यावरचा परिणाम मोजणारी डीएलक्यूआय ही प्रश्नावली १९९४ ची, १० प्रश्नांची, मागच्या आठवड्याबद्दल विचारणारी आणि सर्व त्वचारोगांसाठी बनवलेली. तिच्यात “लागू नाही” या उत्तराला ० गुण मिळतात. जी बाई खेळाच्या वाटेला कधी जातच नाही, तिला खेळाच्या प्रश्नावर त्रास नसलेल्याइतकेच गुण. हाताच्या इसबासाठी खास बनवलेल्या क्यूओएलएचईक्यू या प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत. लक्षणे, भावना, कामकाज आणि उपचार व प्रतिबंध असे तिचे चार भाग. लांब आहे, पण हाताचे प्रश्न विचारते. कोणतीही प्रश्नावली घेतली तरी मूळ मालकाची परवानगी आणि पद्धतशीर मराठी भाषांतर लागते. घरच्या घरी केलेल्या भाषांतराचे गुण दुसऱ्या देशातल्या गुणांशी जुळवता येत नाहीत.

आठवणीचा कालावधी आणि तपासणीचे वेळापत्रक जुळते का ते पाहा. दर चार आठवड्यांनी बोलावून मागच्या आठवड्याचे विचारले, तर दुसऱ्या आठवड्यात उसळून गेलेला इसब कुठेच नोंदला जात नाही. “ताब्यात राहणे” हा विषय वेगळा ठेवायचा तो यासाठीच.

प्रत्यक्ष ट्रायलमध्ये हे उतरवताना नोंदणीतली ओळ पूर्ण लिहा. २००९ पासून भारतात ट्रायलची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. तिथे “हाताच्या इसबात सुधारणा” किंवा नुसते “हेक्सी” लिहिले, तर नंतर सोयीचा आकडा निवडायला वाट मोकळी राहते. अशी ओळ हवी: “हाताच्या इसबाच्या खुणा, हेक्सी, सुरुवातीपासून १६ व्या आठवड्यापर्यंतचा फरक, दोन्ही गटांची सरासरी, कोणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्या डॉक्टरने मोजलेला.” यादीतल्या प्रत्येक विषयासाठी अशी एकेक ओळ पहिला रुग्ण दाखल होण्याआधी लिहा. एखादा विषय मोजणार नसाल तर का नाही, तेही तिथेच लिहून ठेवा.